पात्र, पात्रता आणि आज्ञावली

कथनात्मक साहित्याच्या समीक्षेने पात्राचा विचार केला आहे तो बहुधा कथन पुरे झाल्यानंतर. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या घटकांत कथानकाला पहिले आणि स्वभावाला दुसरे स्थान दिले. व्लादिमिर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांतील पात्रे त्यांच्या कार्यांत विरघळवून टाकली. रोलाँ बार्तने १९७० च्या 'एस/झेड'मध्ये विशेषनामाभोवती साचत जाणाऱ्या अर्थघटकांचा पुंज या स्वरूपात पात्राकडे पाहिले. या तिघांच्या भूमिकांत मोठे अंतर आहे. तथापि पात्राचा ठाव कथनातच घ्यावयाचा, कथनाबाहेर आणि कथनाआधी त्याला स्वतंत्र अस्तित्व नाही, ही दिशा तिघांनाही समान आहे. या दिशेला छेद देणारा एक कथनप्रकार गेल्या पन्नास वर्षांत रूढ झाला आहे. तो 'खेळ' म्हणून ओळखला जात असल्यामुळे असेल, मराठी समीक्षेचे लक्ष त्याच्याकडे फारसे गेलेले नाही.

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या या प्रकाराला येथे 'भूमिकाखेळ' म्हटले आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराचा आरंभ त्यापासून मानला जातो. काही खेळाडू, प्रत्येकाचे एक पात्र आणि प्रसंग उभे करून निवाडा देणारा एक सूत्रधार, एवढी सामग्री पुरते. कथेची संहिता आधी लिहिलेली नसते. ती बोलण्यातून घडत जाते. पात्र मात्र आधी घडवावे लागते आणि कागदावर उतरवावे लागते. त्याचे बळ, बुद्धी, शहाणपण, चिवटपणा, चपळाई आणि इतरांवर पडणारी छाप यांचे आकडे पहिले वाक्य उच्चारले जाण्यापूर्वीच ठरलेले असतात. भारतीय काव्यशास्त्रातील धीरोदात्त, धीरललित इत्यादी नायकभेदही कथेच्या आधी उपलब्ध असतात हे खरे. पण ते कवीला दिशा देतात, हिशेब मागत नाहीत.

पात्ररचनेच्या पद्धतींतच पात्राविषयीची एकेक उपपत्ती दडलेली आहे. मूळ खेळात तीन फासे टाकून प्रत्येक गुणाचा आकडा ठरे. बेरीज ३ ते १८, सरासरी साडेदहा आणि १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. खेळाडूच्या हाती जो माणूस येई तो त्याने निवडलेला नसे. दुबळा पण शहाणा, किंवा बलदंड आणि मंद अशा कोणा परक्याशी त्याला ओळख करून घ्यावी लागे. याच्या उलट टोकाला गुणांकांची खरेदी आहे. 'चॅम्पियन्स' (१९८१) आणि स्टीव्ह जॅक्सनचा 'गर्प्स' (१९८६) यांत खेळाडूला ठराविक गुण खर्चायला मिळतात आणि पात्र हा त्याच्या हेतूचा जमाखर्च ठरतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या आवृत्तीतही अशी २७ गुणांची एक पद्धत आहे.

या दोहोंहून निराळा आणि वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत लक्षणीय प्रकार मार्क मिलरच्या 'ट्रॅव्हलर'मध्ये (१९७७) आढळतो. येथे पात्र अठराव्या वर्षी सुरू होते. नौदल, लष्कर, व्यापारी जहाजे अशा सहांपैकी एका सेवेत ते चार चार वर्षांच्या मुदती काढते आणि प्रत्येक मुदतीत ते जगले की नाही हे फाशांवर ठरते. फासे विरुद्ध पडले तर पात्र मरते, म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वीच मरते आणि खेळाडूने दुसरे सुरू करायचे. चौथी मुदत संपून वय ३४ झाले की वार्धक्याचे फासे पडू लागतात. जास्त शिकायचे तर जास्त म्हातारे व्हायचे, असा हा सौदा आहे. पात्राला भूतकाळ दिला जात नाही, तो त्याच्यावर गुदरतो. या सगळ्या आयुष्याची नोंद शेवटी सहा चिन्हांच्या एका ओळीत होते. नवाच्या पुढचे आकडे रोमन लिपीतील अक्षरांनी दाखवायचे, ही संगणकशास्त्रातील सोळाच्या पायाची रीत तेथे वापरली आहे. घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधी पात्र संगणकाच्या लिपीत लिहिले जाऊ लागले होते.

असे असले तरी ही लेखनक्रिया कागदावर होत होती आणि कागदाचा एक गुणधर्म येथे निर्णायक आहे. कागद चूक सहन करतो. नियमपुस्तक ही एक संहिता आहे. ती वाचली जाते, तिचा अर्थ लावला जातो, तिच्याशी मतभेद होतो. 'ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७८ च्या पुस्तकात मानवी पुरुष योद्ध्याच्या असामान्य बळाची पट्टी शंभरापर्यंत जाते, स्त्रीची पन्नासाला थांबते. नियमकर्त्यांच्या लिंगभेदी गृहीतांचा हा पुरावा छापील आहे, आणि छापील आहे म्हणूनच तो वाचता येतो, त्यावर बोट ठेवता येते आणि टेबलावरच्या पाच जणांच्या संमतीने तो पेन्सिलीच्या एका रेघेने रद्द करता येतो. पात्रपत्रकावर पन्नासाच्या जागी नव्वद लिहिल्यास पत्रक तक्रार करीत नाही.

आज्ञावलीचा प्रवेश या ठिकाणी होतो. पात्ररचनेच्या आज्ञावल्या त्याआधीही होत्या, परंतु त्यांची गरज खऱ्या अर्थाने भासू लागली ती २००० मध्ये आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर. या आवृत्तीच्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकासोबत सुरुवातीला पात्ररचनेची नमुना-आज्ञावली असलेली तबकडीच दिली जात होती. कारण उघड होते. या आवृत्तीत पात्र म्हणजे परस्परावलंबी अटींचे जाळे झाले. 'पॉवर अटॅक' ही खास क्षमता हवी तर बळ किमान १३ हवे. 'क्लीव्ह' हवी तर आधी 'पॉवर अटॅक' हवी. 'ग्रेट क्लीव्ह'साठी या दोन्ही आणि शिवाय आक्रमणाचा ठराविक पाया. त्याच वर्षी 'पीसीजेन' ही जावा भाषेतील मुक्तस्रोत आज्ञावली सुरू झाली. तिच्यात नियम हे साध्या मजकुराच्या फायलींत मांडलेले असतात आणि अटी सांगणाऱ्या खुणांच्या आरंभी 'पूर्व' या अर्थाचे एक उपपद असते. मराठीत 'पात्र' आणि 'पात्रता' हे शब्द एकाच घरचे आहेत. या आज्ञावल्यांत पात्र म्हणजे अक्षरशः पात्रतांची बेरीज होते, हा योगायोग विचारात पाडणारा आहे.

खेळाडूंच्या चर्चेत आज्ञावलीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की ती पर्याय मर्यादित करते. हा आक्षेप वरवरचा आहे. पर्याय पुस्तकही मर्यादित करते. उलट आज्ञावलीत ते शेकड्यांनी दिसतात. बदलते ती नियमाची जात. पुस्तकातील नियम हे एक विधान असते: अमुक क्षमतेसाठी बळ १३ असावे. एखाद्या खेळाडूच्या पात्राचे बळ १२ आहे, पण त्याने सांगितलेल्या पूर्वायुष्यात या शस्त्रविद्येला जागा आहे. सूत्रधार विचार करतो, इतरांकडे पाहतो, होय किंवा नाही म्हणतो. त्या होय-नाहीत कथेविषयीचा एक निर्णय असतो. आज्ञावलीत हाच नियम ही एक अट असते. अट पुरी न झाल्यास तो पर्याय फिकट होतो किंवा यादीत येतच नाही. जे यादीत नाही त्याविषयी वाद घालण्याचे खेळाडूच्या मनातही येत नाही. याकोबसनच्या परिभाषेत सांगावयाचे तर निवडीचा अक्ष आधीच गाळून पुढे ठेवलेला असतो आणि गाळणारा हात दिसत नाही. व्याकरणदुष्ट वाक्य चुकीचे ठरते ते उच्चारल्यानंतर. येथे ते उच्चारण्याचीच सोय नाही.

दुसरा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. नियमपुस्तक नैसर्गिक भाषेत लिहिलेले असते आणि नैसर्गिक भाषा संदिग्ध असते. तिसऱ्या आवृत्तीत एकाच प्रकारच्या दोन वाढी सामान्यतः एकत्र मोजल्या जात नाहीत. पण एखादी वाढ नेमकी कोणत्या प्रकारची, हे वाक्याच्या वाचनावर ठरू शकते. टेबलावर अशा वाक्याची दोन वाचने शेजारी शेजारी नांदू शकतात. आज्ञावली लिहिणाऱ्याला मात्र एक वाचन पत्करावेच लागते. आणि ते पत्करले की ते वाचन म्हणून उरत नाही. बेरजेच्या रूपात समोर येते. बेरजेशी कोणी वाद घालीत नाही. भाष्यकाराने आपले भाष्य मूळ ग्रंथात मिसळून टाकावे आणि मूळ ग्रंथ दृष्टीआड करावा, तसा हा प्रकार आहे.

म्हणून 'हवे तसे बदलता येण्याजोगी' आज्ञावली, या बिरुदाची तपासणी आवश्यक ठरते. बदल दोन पातळ्यांवर संभवतो. शब्दसंग्रहात भर घालणे ही एक. नवा मंत्र, नवे शस्त्र, नवी जमात. व्याकरणाला हात घालणे ही दुसरी. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'डी अँड डी बियाँड' या सेवेत खेळाडूंना स्वतःचे मंत्र, वस्तू आणि उपवर्ग घडविण्याची सोय होती, परंतु संपूर्ण नवा वर्ग घडविण्याची सोय अनेक वर्षे नव्हती. योद्धा, चोर, जादूगार हे वर्ग म्हणजे या खेळाचे क्रियापदच. ते बदलता येत नसेल तर विशेषणांची श्रीमंती कितीही वाढली तरी वाक्य तेच राहते. 'पीसीजेन' दिसायला ओबडधोबड, शिकायला कंटाळवाणी. पण तिच्यातील अट मजकुराच्या रूपात समोर असते; ती वाचता येते, खोडता येते, तिच्याजागी दुसरी लिहिता येते. तेथे नियम पुन्हा एकदा संहिता होतो. त्यासाठी एक नवी लिपी शिकावी लागते आणि ती शिकणारे थोडे असणार, ही मर्यादा मान्य करूनही हा फरक तत्त्वाचा आहे.

आणि तो केवळ तत्त्वाचा नाही. २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांचा मोठा भाग खुल्या परवान्याखाली इतर प्रकाशकांना वापरू देण्यात आला. त्यासोबत व्यापारचिन्हाच्या वापरासाठी जो वेगळा परवाना होता त्यात एक बंधन होते: पात्र घडविण्याची प्रक्रिया आणि अनुभवानुसार पात्र वाढविण्याची प्रक्रिया यांचे वर्णन करता येणार नाही. राक्षस छापा, मंत्र छापा, नगरे वसवा. माणूस कसा घडतो ते मात्र सांगू नका. ते वाचण्यासाठी मूळ पुस्तकच विकत घेतले जावे, हा त्यामागील व्यापारी हिशेब सरळ आहे. पण खेळाचे मर्म कोठे आहे हे त्या वकिली कलमाने अचूक ओळखले होते, असेच म्हणावे लागते.

हॅस्ब्रो कंपनीने २०२२ मध्ये 'डी अँड डी बियाँड' ही सेवा १४ कोटी ६३ लाख डॉलरांना विकत घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये, नवी नियमावली येण्याच्या तोंडावर, असे जाहीर झाले की आधीच्या पात्रपत्रकांवरील मंत्र आणि जादूच्या वस्तू यांच्या जागी नव्या आवृत्तीतील रूपे दिसतील. जुनी हवी असल्यास खेळाडूने ती स्वतः पुन्हा लिहून घ्यावीत. खेळाडूंनी तीव्र नापसंती दाखवली आणि काही दिवसांतच ही योजना मागे घेऊन जुनी रूपे कायम ठेवण्यात आली. घटना मिटली, पण तिने उघड केलेली गोष्ट मिटत नाही. खेळाडूने वर्षानुवर्षे जपलेल्या पात्राच्या अंगी काय आहे, हे त्याला न विचारता दूरवरून बदलणे शक्य आहे. ज्याला तो आपला लेखनाचा कागद समजत होता, ती दुसऱ्याच्या ग्रंथाची एक प्रत होती. कागदावरचे पात्र जीर्ण होते, हरवते; त्याची आवृत्ती मात्र बदलत नाही.

यावर असे म्हणता येईल की पात्रपत्रक म्हणजे पात्र नव्हे. पात्र टेबलावरच्या बोलण्यात जगते आणि तेथे आज्ञावलीचा शिरकाव नाही. शिवाय बेरीज-वजाबाकीचे ओझे यंत्राने उचलले तर खेळाडूचे मन कथेकडे मोकळे होते, नवख्याला आत येणे सोपे जाते. यातील दुसरा भाग निःसंशय खरा आहे. पहिला अर्धाच खरा आहे. २०१४ च्या आवृत्तीत प्रत्येक पार्श्वभूमीसोबत स्वभावविशेष, ध्येय, बंध आणि दोष यांची तयार वाक्ये कोष्टकांत दिली होती. स्वभावविशेष आठ, बाकीची सहा-सहा. पुस्तकात ती उदाहरणे वाटतात. पडद्यावर टिचकी मारण्याजोगी यादी झाली की तीच पर्याय वाटू लागतात, आणि टेबलावर बोलणारा माणूस नकळत त्या वाक्याचा आवाज काढू लागतो. पार्श्वभूमीगणिक दिलेली ही कोष्टके २०२४ च्या पुस्तकात नाहीत.

जोनाथन ट्वीट या खेळरचनाकाराचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्याच्या 'ओव्हर द एज'मध्ये (१९९२) पात्र जवळजवळ आकड्यांविना, खेळाडूच्या स्वतःच्या शब्दांत घडते. पात्राचा मुख्य व्यवसाय, त्याची इतर वैशिष्ट्ये, त्याचे वैगुण्य, सारे मुक्त भाषेत लिहायचे. प्रत्येक वैशिष्ट्यासोबत ते इतरांना कशावरून दिसते ती खूणही लिहायची. अशा पात्रासाठी आज्ञावली कोणी लिहिली तर ती टंकलेखनयंत्राहून अधिक काही होणार नाही, कारण तपासण्याजोगी अटच तेथे नाही. आठ वर्षांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती रचणाऱ्या तिघांमध्ये हाच ट्वीट होता. मोंटी कुक आणि स्किप विल्यम्स हे इतर दोघे. ज्या अटींच्या जाळ्याला आज्ञावलीची गरज पडली ते विणण्यात त्याचाही हात होता.