कचऱ्याची कविता : घाण कुणाची, गाव कुणाचं?

दिवाळीत पुण्याहून एक मित्र गावी आला. हडपसरला कंत्राटी कामगार आहे, खोली फुरसुंगीच्या बाजूला. मी इथं सिहोऱ्याला धान गिरणीत. पाळी सुटल्यावर अंगावरचा कोंडा झटकला आणि दोघं टपरीवर बसलो. त्यानं वही पुढं केली. म्हणाला, "हे छाप बा. कचरा डेपोवर लिवलं हाय."

कविता वाचली. तिच्यात काळी आई आहे. देवळासारखं पवित्र गाव आहे. शहर येतं, आपली घाण टाकतं आणि गावाला बाटवतं. शेवटी कवी कचऱ्याच्या गाडीला हात आडवा करून म्हणतो, जा, परत जा.

मी म्हटलं, कविता खरी आहे आणि खोटीही आहे. तो रागावला. चहा अर्धा टाकून उठला. हे लिखाण त्या रागाला दिलेलं उत्तर आहे. मी कुणी समीक्षक नाही. शाळा दहावीला सुटली, पुढचं वाचन धानाच्या कट्ट्यांवर बसून झालं. पण आपल्या माणसानं लिहिलं म्हणून माना डोलवायच्या, ही कसली बांधिलकी? कवितेला आपणच जाब विचारला नाही, तर प्रस्थापित तिला पाठीवर थाप मारून गप्प करतील.

आधी खरं काय ते सांगतो. पुणे महापालिकेनं १९८१ साली उरुळी देवाचीला कचरा टाकायला सुरुवात केली. डेपो फुरसुंगीकडं पसरत गेला आणि १६३ एकरांचा झाला. ओला-सुका कचरा एकत्र टाकला की ढिगाच्या पोटात हवा जात नाही. तिथं तो कुजतो, मिथेन वायू तयार होतो आणि ढीग पेटतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपून काळं होतं आणि जमिनीखालून विहिरीत उतरतं. दोन्ही गावच्या विहिरी अशाच गेल्या. पाणीदार गावं टँकरकडं डोळे लावून बसली. २०१४ साली लोकांनी गाड्या अडवल्या. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली, तेव्हा तीन आठवड्यांहून जास्त दिवस गाड्या बंद ठेवल्या. पुण्याच्या रस्त्यांवर ढीग साचले तेव्हा कुठं शहराला नाक असल्याचं आठवलं. हा लढा न्याय्य होता. माझ्या मित्रानं तो वास महिनोन्‌महिने गिळला आहे. त्याच्या ओळींतला धूर खरा आहे.

मग खोटं कुठं आहे? 'बाटवलं' या शब्दात आहे.

दोस्तहो, हा शब्द कुठून आला? आपल्या आज्यानं पाणवठ्याला हात लावला की तो बाटायचा. महाडचं तळं २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पाणी प्यायले म्हणून बाटलं, आणि ते शुद्ध करायला शेणमूत ओतलं गेलं. ज्या शब्दानं आपल्याला झोडपलं तोच उचलून आपला कवी शहराला झोडपतो. हत्यार तेच ठेवलं, फक्त मूठ बदलली. विहिरीत रसायन उतरलं तर ती विषारी झाली, नासली असं लिहा. विष कुठून आलं, कुणी टाकलं, कुणाच्या सहीनं टाकलं, हे विचारता येतं. विटाळाला सही नसते. म्हणून विटाळाची भाषा वापरली की गुन्हेगार सुटतो आणि चिडलेली माणसं सगळ्यात जवळच्या 'घाणेरड्या' माणसाकडं बोट दाखवतात. ते बोट कुणाकडं वळतं ते आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

दुसरं खोटं म्हणजे ते देवळासारखं गाव. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत घटनेचा मसुदा मांडला, तेव्हा खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी सडेतोड सुनावलं होतं. खेड्यात त्यांना अज्ञान आणि कोतेपणा दिसत होता. हे आपल्या भंडाऱ्यात सांगायची गरज पडू नये. याच भंडाऱ्यानं १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं. आणि आमच्या शेजारच्या मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावानंच मारलं. त्या वैराला शेताच्या, वाटेच्या वादाची किनार होती. तेव्हा गावात शहराचा कचरा नव्हता. मग ते गाव पवित्र होतं का?

तिसरी गोष्ट. कवितेत शेतकरी आहे, आई आहे, गाडी आहे. गाडीवरचा माणूस कुठं आहे? ढिगावर आकडा घेऊन प्लास्टिक उचलणारी बाई कुठं आहे? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातल्या बहुसंख्य बाया दलित. २००८ पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेतून त्या दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागल्या. शहरानं एकत्र कालवलेलं या बायांनी हातानं वेगळं केलं. जेवढं त्यांनी वेचलं तेवढं डेपोवर कमी गेलं. फुरसुंगीच्या शेतकऱ्याची खरी सोबतीण कुणी असेल तर ही बाई. आपल्या कवीला ती दिसलीच नाही. अण्णा भाऊंना अशी माणसं दिसायची. 'स्मशानातील सोनं' मधला भीमा खाणीतलं काम सुटल्यावर मढ्यांच्या राखेतून सोनं वेचतो. अण्णा भाऊ त्याला पवित्रही करत नाहीत आणि किळसवाणाही करत नाहीत. काम सुटलं, पोट सुटलं नाही, एवढं सांगतात. कचऱ्यावर लिहिणाऱ्यानं ती कथा उशाशी ठेवावी.

आता शेवटची ओळ. 'परत जा.' वाचायला ताठ वाटते. पण गाडी परत जाते कुठं? फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नारेगावच्या लोकांनी गाड्या रोखल्या. कैक वर्षं त्यांनी ते सोसलं होतं, त्यांचंही खरंच होतं. मग गाड्या नवी जागा शोधत फिरल्या. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक, जाळपोळ, लाठीमार झाला. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवावं लागलं. एका गावानं नाही म्हटलं की गाडी पुढच्या गावाच्या वेशीवर उभी. आणि शेवटी ती थांबते तिथं, जिथं 'नाही' म्हणणाऱ्याकडं सातबारा नसतो. मुंबईचा देवनार डेपो १९२७ चा, म्हणजे महाडच्याच सालातला. त्याच्या कडेला कोण राहतं ते गोवंडीत जाऊन बघा.

सातबाऱ्याचं म्हणतोय ते उगाच नाही. प्रकल्पाला जागा शोधताना साहेब आधी सरकारी पड आणि गायरान बघतात. त्या गायरानावर भूमिहीनांनी दगड वेचून शेती केली आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४-६५ ला सत्याग्रह केले ते या भाकरीसाठीच. सरकारनं २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं, तरी कितीतरी हात अजून कागदाविना आहेत. उद्या बागायतदार म्हणाला, 'आमच्या बांधीत नको, गायरानात टाका', तर आपली 'परत जा'ची कविता कुणाच्या तोंडी असेल? त्याच्याच.

मी काही बाहेरून बोलत नाही. ज्या गिरणीत भाकरी मिळते तिथं उसन्या तांदळाच्या बॉयलरला कोंडाच जळण. राख उडते ती आमच्या वस्तीकडं. माय वाळत घातलेली कपडे दोनदा झटकते. मी कधी त्यावर ओळ लिहिली नाही, कारण मजुरी तिथली. आणि नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळून गोसीखुर्दच्या धरणात येतं. भंडाऱ्याला शहराची घाण कळायला कचऱ्याच्या गाडीची वाट बघावी लागली नाही. काठावरच्या ढिवराला विचारा.

मग विरोध करायचा नाही का? करायचा. छाती पुढं काढून करायचा, शेतकऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. पण आपले प्रश्न घेऊन उभं राहायचं. जागा कुणाची जाते? विहीर कुणाची नासते? ढिगावर हात कुणाचे चालणार, आणि त्या हातांना पगार, मोजे, दवाखाना मिळणार का? मुळात शहर आपल्या घरात कचरा वेगळा का करत नाही? २०१६ च्या नियमांनी तर ते प्रत्येक घराचं कर्तव्य ठरवलं. सामायिक घनकचरा प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेनं जनसुनावणी लावून दिली. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. त्या सुनावणीत पाटलाच्या शेजारी वस्तीतली बाई उभी राहून बोलली पाहिजे आणि तिचं बोलणं इतिवृत्तात उतरलं पाहिजे. आपल्या कार्यकर्त्याचं काम तिथं आहे. घोषणा नंतर.

कवितेनंही तेच करावं. 'आमचं गाव' लिहिताना त्या 'आमचं'मध्ये कोण-कोण मावतं ते मोजावं. ज्याला आतापर्यंत वेशीबाहेर ठेवलं, त्याच्या दारात कचरा टाकून वाचलेलं गाव आपल्याला वाचवायचं नाही.

मित्र पुण्याला परत जायच्या आदल्या रात्री घरी आला. राग गेला नव्हता. खाटेवर बसून म्हणाला, "मले सांग, वासाले जात असते का? माह्या नाकात गेला तो वास सगळ्यायचाच होता." मी म्हटलं, वासाला नसते. पण वास कुठं सोडायचा हे ठरवणाऱ्या सहीला असते. तो बराच वेळ गप्प होता. मग सांगितलं की त्याच्या खोलीशेजारी एक बाई राहते. पहाटे चारला गोणी घेऊन निघते. तिच्या हातावर काचेचे वण आहेत. तिच्याबद्दल लिहायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वही तो परत घेऊन गेला. 'बाटवलं' शब्द त्यानं माझ्यासमोर खोडला. त्या जागी काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. कविता आली की या पानांत छापू. तोवर ही जागा त्या बाईसाठी मोकळी ठेवली आहे.

जय भीम.