कॉर्मन, कार्लॉफ आणि रेसेडाचं ड्राइव्ह-इन

सिनेमातलं कुणी गेलं की श्रद्धांजलीचा एक ठरलेला साचा बाहेर निघतो. मे 2024 मध्ये रॉजर कॉर्मन वयाच्या 98व्या वर्षी गेले, तेव्हाही तेच झालं. त्यांनी कपोलाला उभं केलं, स्कॉर्सेसीला संधी दिली, जॅक निकल्सनला कामं दिली. सगळं खरं. पण म्हणजे माणूस आठवला तो इतरांची शिडी म्हणून! त्यांचे झटपट, स्वस्त सिनेमे ज्या ड्राइव्ह-इन थिएटरांच्या जोरावर चालले, ती जागा एका ओळीत उरकली. आमचा आक्षेप इथे आहे.

ही जागा काय होती? 6 जून 1933 रोजी न्यू जर्सीत रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी पहिलं ड्राइव्ह-इन उघडलं. मागच्या गाडीतूनही पडदा दिसावा म्हणून जमिनीला उतार दिलेले. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी 4000हून जास्त थिएटरं होती. आज जेमतेम 300च्या आसपास. कारणं साधी आहेत. एकरांनी जमीन आणि धंदा फक्त अंधार पडल्यावर. उपनगरं वाढली, जमिनीला सोन्याचा भाव आला. त्यात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे नेण्याची पद्धत 1966च्या कायद्याने बहुतेक देशभर लागू झाली. खेळ आणखी उशिरा सुरू होऊ लागले.

आता पीटर बोग्दानोविच यांचा ‘टार्गेट्स’ (1968) बघा. बोरिस कार्लॉफ कॉर्मन यांना दोन दिवसांचं काम देणं लागत होते. कॉर्मन यांनी ते दिवस बोग्दानोविच यांना दिले. अट अशी की ‘द टेरर’ या आपल्या जुन्या सिनेमातले तुकडे वापरायचे. अशा काटकसरीतून हा सिनेमा जन्मला. कार्लॉफ त्यात निवृत्त होऊ पाहणारा भयपटांचा नट झालेत. दुसरीकडे एक सभ्य, हसतमुख तरुण बंदुका जमवतोय. दोघं भेटतात ते लॉस एंजेलिसमधल्या रेसेडाच्या ड्राइव्ह-इनमध्ये.

तरुण पडद्यामागे चढतो आणि भोकातून प्रेक्षकांवर गोळ्या झाडतो. शेजारच्या गाडीत माणूस मरतो, पण बराच वेळ कुणाला कळत नाही. प्रत्येकजण आपापल्या काचेआड, आपापल्या स्पीकरपाशी. ड्राइव्ह-इनचं सुख हेच होतं ना, गर्दीत असूनही एकटं असणं? बोग्दानोविच त्याच सुखातलं भय दाखवतात. मग पडद्यावरचा कार्लॉफ आणि काठी टेकत चालत येणारा खरा कार्लॉफ, दोघं एकदम दिसल्यावर तो तरुण गोंधळतो. म्हातारा त्याला चक्क थोबाडीत मारतो.

सिनेमात उणिवा आहेत. हॉटेलमधले संवाद जरा स्वतःवरच खूश आहेत आणि दिग्दर्शकाच्या भूमिकेत खुद्द बोग्दानोविच अवघडलेले वाटतात. पण शेवटचा अर्धा तास कुठल्याही मृत्युलेखापेक्षा प्रामाणिक आहे.

कार्लॉफ 1969 मध्ये गेले, बोग्दानोविच 2022 मध्ये, मग कॉर्मन. ते थिएटरही आता नाही. आपल्यापैकी काहींना वांद्र्याचं ड्राइव्ह-इन आठवत असेल. तिथलीही गोड तेवढीच आठवण आपण जपतो. आम्हाला वाटतं, आठवायचं तर त्यातला एकटेपणा, स्वस्तपणा, भीती यांच्यासकट आठवावं. ‘टार्गेट्स’च्या शेवटी सकाळच्या उजेडात रिकामं मैदान आहे आणि त्यात एकच गाडी उभी आहे, त्या मारेकऱ्याची.