नीतिसंहिता भिंतीवर, बक्षीस तासांना

माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, हे कांटचं सूत्र आपल्याला माहीत आहे. आज ते एका धंद्याला लावून बघू.

अमेरिकेत ऑटिझम असलेल्या मुलांना वर्तनोपचार देणाऱ्या कंपन्या झपाट्याने वाढल्या. मुळाशी आयव्हर लोवास यांचा १९८७चा अभ्यास आहे. आठवड्याला ४० तास उपचार मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुलं नेहमीच्या वर्गात इतरांसारखी शिकू लागली, असा त्यांचा निष्कर्ष. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, हा आक्षेप पुढे आला. पण ‘४० तास’ हा आकडा चिकटला तो चिकटलाच. पुढे विम्याचे कायदे झाले, गुंतवणूकदार आले. बिल पंधरा-पंधरा मिनिटांचं होतं. म्हणजे तास हाच माल.

आता दुसरे ४० तास बघा. मूल ज्याच्या हाती असतं त्या तंत्रज्ञाचं प्रशिक्षण किमान ४० तासांचं, मग परीक्षा. त्याच्या कामाच्या फक्त ५ टक्के तासांवर देखरेख सक्तीची. उरलेले ९५ कोणाच्या भरवशावर?

उत्तर मिळतं : नीतिसंहितेच्या. २०२२पासून लागू झालेली संहिता आम्ही वाचली. इतरांचं हित, करुणा आणि सन्मान, सचोटी, स्वतःची पात्रता, ही तिची चार तत्त्वं. उत्तम आहेत. पण ती बांधते प्रमाणपत्रधारक व्यक्तीला, कंपनीला नाही. जबाबदारी एकीकडे, सत्ता दुसरीकडे! इथे आमचाही दोष आहे. आम्ही नीतिशास्त्र शिकवलं ते एकट्या माणसाला समोर ठेवून. त्याचा पगार कोण ठरवतो, हे विचारलंच नाही.

गंमत म्हणजे औषध त्यांच्याच घरात आहे. स्किनर सांगून गेले की वर्तन घडतं ते परिणामांतून, उपदेशातून नव्हे. मग बोनस बिलाच्या तासांवर असेल, तर तीच त्या कंपनीची खरी संहिता. भिंतीवरची नुसती सजावट.

कोणी म्हणेल, कंपन्या वाढल्या म्हणून रांगेतल्या मुलांना उपचार मिळाले. खरंच आहे. पण वाढ कोसळते तेव्हा मुलंच उघड्यावर पडतात. ‘सेंटर फॉर ऑटिझम अँड रिलेटेड डिसॉर्डर्स’ ही मोठी कंपनी २०१८मध्ये ब्लॅकस्टोनने घेतली. २०२३च्या जूनमध्ये ती दिवाळखोरीत गेली. अनेक राज्यांतली केंद्रं बंद झाली. ज्या मुलाला रोजचा क्रम मोडला तरी सोसत नाही, त्याच्यासाठी याचा अर्थ काय, विचार करा.

तेव्हा आमची कसोटी साधी. पर्यवेक्षक म्हणाली, ‘या मुलाला आता ३० नव्हे, १० तास पुरेत’, तर पुढच्या महिन्यात तिचं काय होतं? शाबासकी मिळाली, तर तिथे नीती आहे. तिला आकड्यांचा जाब द्यावा लागला, तर मूल तिथे साधनच आहे. मग भिंतीवर काहीही लिहिलेलं असो.