‘असूड’मधली जमाखर्चाची वही

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ मराठी समीक्षेने मुख्यतः दोन प्रकारे वाचला आहे. भटशाहीवरचा हल्ला म्हणून, आणि कुणब्याच्या दैन्याचे रोखठोक चित्रण म्हणून. दोन्ही वाचने खरी आहेत. परंतु त्या दोहोंच्या मध्ये एक गोष्ट राहून गेली, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. ‘असूड’ ही जमाखर्चाची वहीदेखील आहे. कोण किती भरतो, ते कोणाच्या पदरात पडते आणि भरणाऱ्याला परत काय मिळते, हे तीन प्रश्न त्या ग्रंथाच्या पाचही प्रकरणांतून सलग चालतात. या लेखात ती वही वाचून पाहायची आहे, आणि तिच्यातला एक हिशेब आपल्या काळापर्यंत ओढून आणायचा आहे.

मी विद्यापीठातला माणूस नाही. शिक्षण दहावी, त्यानंतरची तीसहून अधिक वर्षे हिंगोलीच्या मोंढ्यात अडत दुकानाच्या वह्या लिहिण्यात गेली. फुल्यांच्या समग्र वाङ्मयाची 1991 ची शासकीय आवृत्ती हाती आली तेव्हा मी ती सवयीने वहीसारखीच वाचली. नावे बाजूला, आकडे बाजूला, आणि शेवटी ताळा जमतो का ते पाहणे. कदाचित म्हणूनच इतरांना जे सहज दिसले ते मला उशिरा दिसले, आणि जे त्यांनी ओलांडले तिथे मी अडखळलो.

‘असूड’ 1883 साली लिहून झाला. छापण्याआधी तो गावोगाव वाचला गेला. मुंबई, पुणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांनी तो ऐकला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही ऐकला. पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’त आली, पुढची छापायला नारायण मेघाजी लोखंडे तयार झाले नाहीत. ऐकवण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात युक्तिवाद पुन्हा पुन्हा फिरून येतो. हा पुनरुक्तीचा दोष समीक्षकांनी दाखवला आहे. मात्र पुन्हा पुन्हा येते ते काय, हे पाहिले पाहिजे. येते ते देणेच.

पहिल्या प्रकरणात जन्मापासून मरणापर्यंत आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत शेतकऱ्याकडून धर्माच्या नावाने काय काय घेतले जाते, याची यादी आहे. आपण ती उपरोध म्हणून वाचतो. पण तिची बांधणी उपरोधाची नाही, वसुलीच्या तक्त्याची आहे: प्रसंग, निमित्त, रक्कम, घेणारा. दुसऱ्या प्रकरणात गोरे अधिकारी ऐषआरामात असल्याने त्यांच्या हाताखालचे कारकून काय करतात, ते सांगितले आहे. म्हणजे दुसरा तक्ता. दोन वसूलदार आणि भरणारा एकच. तिसरे प्रकरण ही परिस्थिती कशी आली याचा इतिहास सांगते. त्यातला पुष्कळसा आज इतिहास म्हणून टिकत नाही, हे मान्य करायला हवे. चौथ्यात त्या भरणाऱ्याचे घर येते. पाचव्यात उपाय. जमा, खर्च, मागील बाकी, शिल्लक आणि पुढची तरतूद: माझ्या धंद्यात कोणतीही वही याच क्रमाने चालते.

हा क्रम अपघाती नाही, याला पुरावा आहे. ‘असूड’च्या एकच वर्ष आधी, ऑक्टोबर 1882 मध्ये, फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. त्यातला मुद्दा शुद्ध करशास्त्राचा आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, वरच्या आणि श्रीमंत वर्गाचा वाटा नगण्य असतो, आणि तरीही तो पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उदारपणे खर्च होतो. मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा कर घेतला जाई आणि त्यातला ठरावीक हिस्सा शाळांसाठी राखलेला असे. कर भरणाऱ्या कुणब्याचे पोर मात्र त्या शाळेत दिसत नसे. फुल्यांची मागणी दयेची नव्हती. ज्याने भरले त्याला त्याच्या भरण्याची पावती शाळेच्या रूपाने मिळाली पाहिजे, बारा वर्षे वयापर्यंतचे शिक्षण सक्तीचे झाले पाहिजे, असा तो दावा होता.

हे सगळे इंग्रजी मुलखातले. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे ‘असूड’ जसाच्या तसा हिंगोलीला लावता येणार नाही, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त आहे. पण आमच्याकडची वही अधिकच एकतर्फी होती. राज्याचा मोठा भूभाग जहागिरी आणि सर्फेखास यांत वाटलेला. सर्फेखासचे उत्पन्न थेट निजामाच्या खाजगी खजिन्यात. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मीर उस्मान अली खान यांचे चित्र 1937 साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले. त्यांच्याच राज्यात आमच्या आजोबांच्या पिढीला अंगठ्यापलीकडे अक्षर ठाऊक नव्हते. जहागिऱ्या 1949 मध्ये रद्द झाल्या. शाळा त्यापुढे कित्येक वर्षांनी आली.

आता हिशेब पुढे ओढू. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली भारतातील दारिद्र्यावर केलेल्या अभ्यासात सुचवले होते, की वरच्या थराचा उपभोग आखडावा आणि त्या पैशातून खालच्या थराला काम द्यावे. देशाने ते मनावर घेतले नाही. महाराष्ट्राने बाहत्तरच्या दुष्काळाच्या रेट्यात त्याच्या जवळ जाणारे काहीतरी केले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली. 1977 साली तिचा कायदा मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. त्यासाठी पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर त्याआधीच, 1975 च्या व्यवसायकर कायद्याने दिले होते. शहरातला पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून कर घ्यायचा, त्याला इतर काही अधिभारांची जोड द्यायची, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. गावातल्या खडी फोडणाऱ्या बाईचे देणे शहरातल्या पगारपत्रकाला जोडले गेले. मराठी प्रदेशात फुल्यांच्या वहीतली जमेची बाजू इतक्या स्पष्टपणे उलटी फिरवलेली दुसरी कुठे मला आढळत नाही.

त्या कामावर माझी माय जात होती. कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ आधी पाझर तलावाचे आणि मग रस्त्याचे काम निघाले. माय मातीकाम करी, मग खडीवर बसे. मी तिसरी-चौथीत असेन. आठवड्याच्या पगाराला ती मला बरोबर नेई, कारण घरात वाचता येणारा मी एकटाच. एकदा मस्टरवर तिची हजेरी दोन दिवस कमी लागलेली मी वाचून दाखवली. मुकादमाने माझ्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि ते दोन दिवस भरून दिले. वाटेत माय एवढेच म्हणाली, “वाचाया येतंय म्हून मिळालं बग.” माझ्या वह्यांच्या धंद्याची सुरुवात मी त्या दिवसापासून धरतो.

पण या आठवणीत एक नाव मी आजवर लिहिले नव्हते. माझी थोरली बहीण, आक्का. माय कामावर गेली की धाकट्यांना सांभाळायला आक्का घरी राहिली, आणि बारा-तेरा वर्षांची झाल्यावर तीही मायबरोबर पाट्या उचलू लागली. दुसरीनंतर ती शाळेत गेली नाही. आमच्या घरात संधी एकच होती आणि ती मला मिळाली. हमीच्या मजुरीने घरात ज्वारी आली, माझी पाटी-पुस्तके आली. आक्काची शाळा आली नाही.

इथे ‘असूड’च्या पाचव्या प्रकरणाकडे परत जावे लागते. फुल्यांनी सुचवलेले उपाय दोन जातीचे आहेत. ताली-बंधारे घालावेत, पाणी अडवावे, गाळाची माती शेतात जिरवावी, हे एक. शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवावे आणि अधिकाऱ्यांच्या भल्यामोठ्या पगार-पेन्शनींना कात्री लावावी, हे दुसरे. आपण त्यांतला पहिला भाग पाणलोट विकासाचे द्रष्टेपण म्हणून गौरवतो. वस्तुतः फुल्यांच्या मांडणीत ते वेगळे करता येत नाहीत. वरून घेतलेला पैसा खाली बंधारा आणि शाळा अशा दोन्ही रूपांनी उतरला तरच हिशेब जुळतो. रोजगार हमीने बंधारा घेतला आणि शाळा दुसऱ्या खात्यावर सोडली. आईच्या मजुरीत पोरीचे हात मिळवल्याशिवाय घर चालत नसेल, तर काम मिळाले तरी संधी मिळत नाही. योजनेने उपाशी मरू दिले नाही, हे तिचे मोठे ऋण आहे. अर्धी वही मात्र कोरी राहिली.

जमेची बाजूही हळूहळू लंगडी झाली. व्यवसायकराला संविधानाच्या अनुच्छेद 276 ने कमाल मर्यादा घातलेली आहे. ती आधी वर्षाला 250 रुपये होती. 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने 2,500 झाली. त्यानंतर ती हललेली नाही. आज महाराष्ट्रात महिना दहा हजारांवर पगार गेला की पुरुष नोकरदाराचे महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात. वर्षाचे 2,500. म्हणजे माझ्या खात्यावर 2,500, ज्यांच्या वह्या मी लिहितो त्या शेटजींच्या खात्यावर 2,500, आणि मुंबईतल्या मोठ्यातल्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाच्या खात्यावरही 2,500. शेटजी प्राप्तिकर भरतात, मला तो लागत नाही, हे सांगितले पाहिजे. तरी गरिबाच्या कामासाठी म्हणून निघालेला कर श्रीमंतीच्या पहिल्याच पायरीवर थांबतो, यावर विधिमंडळापेक्षा साहित्यिकांनी अधिक गप्प राहावे, याचे मला नवल वाटते. पुढे 2006 मध्ये केंद्राची योजना पहिल्या टप्प्यातल्या 200 जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातल्या बारांत हिंगोली होते, कारण मागासांच्या यादीत आपला क्रमांक सहसा चुकत नाही. शंभर दिवसांपर्यंतच्या अकुशल मजुरीचा भार केंद्राकडे गेला आणि शहरातले पगारपत्रक व गावातले मस्टर यांच्यातला धागा लोकांच्या डोळ्यांआड झाला. पगाराच्या चिठ्ठीवरची ती कपात कशासाठी सुरू झाली, हे आज कापले जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

फुल्यांची वही निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. तिच्यातला मोठा दोष भरणाऱ्याच्या नावात आहे. कुणबी, माळी, धनगर यांना ते एका ‘शेतकरी’ या नावाखाली आणतात. त्या काळच्या लढ्यासाठी ते आवश्यक होते. पण जमीनदार कुणबी आणि त्याच्या शेतात राबणारा भूमिहीन यांच्यात रेघ ओढण्याचे काम तिथे राहून जाते. पुढच्या शंभर वर्षांत याच मोठ्या नावाच्या सावलीत पुष्कळ जण बसले. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. ती सवलत कोरडवाहू दोन एकरवाल्याला फारशी कामाची नाही, कारण त्याचे उत्पन्न कराच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही. ती उपयोगी पडते बागायतदाराला आणि शेतीच्या नावावर इतर उत्पन्न दाखवणाऱ्याला. आमच्या ग्रामीण साहित्यानेही हेच केले. दुष्काळ आला, कर्ज आले, आत्महत्या आली. पण गावातल्या गावात कोण कोणाचे देणे लागतो, ही वही फारशी उघडली गेली नाही. करुणा सगळ्यांवर सारखी पसरली की हिशेब बंद होतो. फुल्यांच्या गद्यात करुणेपेक्षा उलटतपासणी अधिक आहे, म्हणून ते आजही अंगावर येते.

गेल्या उन्हाळ्यात आक्का माहेरपणाला आली होती. तिला मी पाचव्या प्रकरणातला काही भाग वाचून दाखवला, मग व्यवसायकराची हकीकतही सांगितली. तिला यातले काहीच माहीत नव्हते. आपण उचललेल्या पाट्यांचे पैसे शहरातल्या लोकांच्या पगारातून येत होते, हे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मंग तवा साळंचे पैशे कुनाच्यातून येत व्हते? ते का न्हाई आले?”

मला उत्तर देता आले नाही. 1882 साली आयोगापुढे फुल्यांनी विचारले होते ते हेच. ‘असूड’ पुढच्या वेळी वाचायला घ्याल तेव्हा पाचव्या प्रकरणापासून सुरुवात करून पाहा.