पट्टीने मोजलेले आकाश

भूगोलाच्या आणि गणिताच्या सरावपुस्तकांत एक प्रश्न हटकून भेटतो : जगाच्या नकाशावर दोन विमानतळ पट्टीने जोडा, प्रमाणावरून अंतर काढा, विमानाच्या वेगाने भागा. गुणोत्तराचा सराव म्हणून आमची त्याला हरकत नाही. पुणे–नागपूर असेल तर चालूनही जाते. मुंबई–न्यूयॉर्क घेतले की मात्र हा प्रश्न चुकीचा भूगोल शिकवतो.

भिंतीवरचा नकाशा मर्केटरच्या (१५६९) प्रक्षेपणाचा असेल, तर तो खलाशांच्या सोयीचा आहे. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट त्यावर सरळ दिसते. सरळ म्हणजे जवळची नव्हे! आम्ही हिशेब करून पाहिला. मुंबई १९.१° उत्तर, ७२.९° पूर्व, न्यूयॉर्क ४०.६° उत्तर, ७३.८° पश्चिम. त्या सरळ वाटेची प्रत्यक्ष लांबी सुमारे १४,२०० कि.मी. भरते. विषुववृत्तावरचे प्रमाण लावणाऱ्या मुलाला तर १६,५०० मिळतील, कारण या नकाशाचे प्रमाण अक्षांशागणिक बदलते. ६०° वर ते दुप्पट होते. पृथ्वीचा मध्य हाच ज्याचा मध्य, अशा बृहद्वृत्तावर मात्र दोन्ही शहरांत ११२.७° चा कोन येतो. अंशाला १११.२ कि.मी. धरल्यास अंतर सुमारे १२,५३० कि.मी. ही वाट मुंबईहून उत्तरेच्या जेमतेम २७° पश्चिमेला निघते आणि थेट आइसलँडवरून जाते. नकाशावर हे पटत नाही. ३० सें.मी. व्यासाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणला की लगेच पटते. दोरा साडेएकोणतीस सें.मी. लागतो.

वेळेचा भाग त्याहून कच्चा. ताशी ९०० कि.मी. वेगाने १४ तास, एवढ्यावर उत्तर संपते. पण वरच्या थरांतले वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. सरासरी १०० कि.मी.चा वारा धरला, तर जाताना १५.७ आणि येताना १२.५ तास. दोन्हींची बेरीज २८.२, वाऱ्याविना २७.८, म्हणजे येण्याजाण्यात वारा फिटत नाही. शिवाय आकाशालाही सीमा असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि आपली बृहद्वृत्ताची वाट नेमकी तिच्यावरूनच जाते.

आमच्या मते प्रश्न उलटा विचारावा. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून पहाटे २ ला सुटून न्यूयॉर्कला त्याच सकाळी ७.३० ला पोचले. परतताना दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला मुंबईत उतरले. घड्याळे सांगतात साडेपाच तास आणि पंचवीस तास. बेरीज साडेतीस तास, आणि घड्याळांतला फरक काहीही असो, दोन्ही उड्डाणांची खरी बेरीज तेवढीच. साडेदहा तासांचा फरक सांगितला, की जाण्याचे १६ आणि येण्याचे साडेचौदा तास मुले स्वतःच वेगळे काढतात.