व्हॉल्व्हचा रेडिओ आणि 'गीतरामायण'

जुने व्हॉल्व्हचे रेडिओ जमविणारे रसिक लाकडी पेटीला पॉलिश करतात. तिच्यातून काय ऐकले गेले, याचा विचार क्वचितच होतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले. आठवड्याला एक, अशी ५६ गीते. आधी व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचे, मग पुढल्या गीतासाठी आठवडाभर. गदिमांचे प्रत्येक गीत स्वयंपूर्ण आहे, याचे मर्म मला या थांबण्यात दिसते. निरनिराळ्या गायकांमुळे ते श्राव्य नाट्यच होते. पुढे बाबूजींच्या एकट्या गळ्यातून ते कीर्तनाकडे झुकले.

सीमाभागाला त्याचे आणखी मोल आहे. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले. रेडिओचा काटा मात्र पुण्याकडे वळतच राहिला. हे ऐकणे विसरले, तर संग्रहात नुसती पेटी उरेल.