ओस्टेन डाल यांची प्रश्नावली: जे विचारलं, तेवढंच सापडतं

पेपर वाचताना आपण निष्कर्षावर उडी मारतो आणि पद्धतीचा भाग चाळून सोडून देतो. स्वीडिश भाषावैज्ञानिक ओस्टेन डाल यांचं १९८५ चं ‘टेन्स अँड आस्पेक्ट सिस्टिम्स’ मात्र उलट्या क्रमाने वाचा. आधी त्यातली प्रश्नावली बघा.

प्रश्न असा होता: ‘भूतकाळ’, ‘भविष्यकाळ’ हे क्रियापदांचे वर्ग निरनिराळ्या भाषांत खरंच सारखे असतात, की व्याकरणकार फक्त सारखी नावं देतात? डाल यांनी नावांवर विसंबायचंच नाही असं ठरवलं. इंग्रजी वाक्यं दिली, सोबत प्रसंग सांगितला, पण क्रियापद मूळ रूपातच ठेवलं, म्हणजे इंग्रजीचा काळ भाषांतरात झिरपणार नाही. ६४ भाषांची उत्तरं एकाच मापाने मोजता आली. त्यातून दिसलं की मोजकेच प्रकार पुन्हा पुन्हा येतात. त्यांचा गाभा सारखा असतो, कडा मात्र धूसर असतात.

माझ्या मते त्यांची खरी कमाई म्हणजे हे माप. प्रश्नावली पुस्तकातच छापलेली आहे, त्यामुळे कुणालाही ती वापरून त्यांना चूक ठरवता येतं.

आता मर्यादा बघा. आई जेवायला हाक मारते, आपण जागचे न हलता म्हणतो, ‘आलोच!’ रूप भूतकाळाचं, येणं अजून व्हायचंय. असा प्रसंग प्रश्नावलीत नसेल, तर मराठीची ही खुबी उत्तरांत दिसणारच नाही. शिवाय भाषांतर करणारा माणूस बोलतो तसं लिहितोच असं नाही.

पुढे डाल स्वतःच प्रश्नावलीकडून समांतर मजकुरांकडे वळले. २०१६ मध्ये बर्नहार्ड वेल्खली यांच्यासोबत त्यांनी बायबलच्या नव्या कराराची हजाराहून अधिक भाषांतली भाषांतरं तपासली. भाषांची संख्या प्रचंड वाढली, पण ‘आलोच’ तिथेही सापडणं अवघडच. धर्मग्रंथाची भाषा म्हणजे स्वयंपाकघरातली भाषा नव्हे. भाषा वाढवल्या की व्याप्ती वाढते, प्रसंगांची विविधता आपोआप वाढत नाही.

तुम्ही भौतिकशास्त्रात असा की समाजशास्त्रात, सिनॉप्सिस लिहिताना एक परिच्छेद यासाठी ठेवा: माझ्या साधनाला काय दिसणारच नाही? गाईडने विचारण्याआधी तुम्हीच विचारलेलं बरं.